डावीकडचा खड्डा

गादीमास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत शिकवलं नव्हतं. स्वतः शिकले तेही जेमतेम सातवीपर्यंत. पण गादी उसवता उसवता ते समोरच्याला असं काही सुनावायचे, की कुणीतरी एकदा त्यांना मास्तर म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत जमिनीवर ताडपत्री, भिंतीला टेकवलेल्या गुंडाळलेल्या गाद्या, खिळ्याला लटकवलेलं दाभण आणि दोऱ्याची रिळं. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र. ते सुरू झालं की शेजारच्या चहावाल्याला गिऱ्हाईकाशी खुणांनी बोलावं लागे. कापसाची धूळ सगळीकडे बसायची, पंख्यावर, घड्याळावर, मास्तरांवर. त्यांच्या भुवया तिशीपासूनच पांढऱ्या होत्या, पण तेव्हा त्या धुतल्या की काळ्या व्हायच्या. आता चौसष्टाव्या वर्षी धुतल्या तरी पांढऱ्याच राहतात.

मास्तरांचा हात गादीवर फिरला की घरची कुंडली बाहेर पडलीच म्हणून समजा. माणूस कोणत्या कुशीवर झोपतो, पाय पोटाशी घेतो की ताणतो, पाठ कुठे दुखते, सगळं त्यांना कळायचं. वर्षानुवर्षं एकाच जागी झोपलं की त्या जागचा कापूस दबतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि खड्डा पडतो. दोन खड्डे आणि मधे उंच बांध दिसला की मास्तर डोळे मिचकावून विचारायचे, "काय हो, बोलणंचालणं बंद आहे वाटतं घरात?" गिऱ्हाईक ओशाळून हसायचं आणि गादी टाकून पळायचं.

पण एका बाबतीत ते चेष्टा करत नसत. खड्डा ठेवू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. जिवंत माणसाचा पाठीला बाधतो आणि गेलेल्या माणसाचा मनाला. घरातलं माणूस गेलं की महिन्याच्या आत त्याची गादी उसवा, कापूस पिंजा, दुसऱ्या कापसात मिसळा, मोकळे व्हा. "आत्माबित्मा काही नसतो," ते सांगायचे. "हजारो गाद्या उसवल्या मी. असता तर एखाद्या तरी गादीत सापडला असता." लोक माना डोलवायचे. दुःखात असलेल्या माणसाला कुणीतरी ठासून काही सांगितलं की बरं वाटतं; खरं असो नसो.

थंडीच्या तोंडावर कामाचा रेटा होता तेव्हाची गोष्ट. एक चाळिशीतला मुलगा टेम्पोतून जोडगादी घेऊन आला. म्हणाला, "आईची आहे. एका बाजूला खड्डा पडलाय, ती त्यात घरंगळते आणि मग कंबर धरून बसते. सपाट करून द्या." मास्तरांनी सवयीने हात फिरवला. उजवीकडे हलकासा खड्डा, रोजच्या वापरातला. डावीकडे खोल, पण वरचं कापड ताठ, काठाला बारीक धूळ. जवळपास वर्षभर तिथे रोजचं कुणी झोपलं नव्हतं. मास्तरांना एका क्षणात कळलं की इथे झोपणारा माणूस गेलेला आहे. त्यांनी विचारायला हवं होतं की आईला विचारलंय का. विचारलं नाही. उलट मनात म्हणाले, बरं झालं, उशिरा का होईना आणली.

दोन दिवसांत गादी तयार झाली. चारी कोपरे कसे टोकदार, टाके एका ओळीत. मास्तरांनी स्वतः हातगाडीवर चढवून पाठवली आणि चहावाल्याला ऐकवलं, "यावर गोटी ठेवली तर गोटी हलणार नाही."

तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, सडपातळ, हातात काठी, पण काठीवर भार नव्हता. गावातली निम्मी पोरं त्यांच्याकडे गणित शिकून मोठी झाली होती, त्यामुळे सगळे त्यांना गणिताच्या बाई म्हणत. त्यांनी पायरी चढायच्या आधीच विचारलं, "मास्तर, तो खड्डा कुठे ठेवलात?"

मास्तर हसले. त्यांना वाटलं बाई गंमत करताहेत. मग त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि हसू अर्ध्यावरच राहिलं.

"अकरा महिने झाले ह्यांना जाऊन," बाई म्हणाल्या. "मुलाने मला न विचारता गादी आणली. चूक त्याची आहे, ते मी त्याच्याशी बघेन. मी देवाधर्माचं फारसं केलं नाही कधी. लोक म्हणाले, ते आसपास असतील, बोला त्यांच्याशी. मला नाही जमलं. जिथे काही नाही तिथे काही नाही, हेच मी चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलं. पण झोपेत माझा हात डावीकडे जायचा. तिथे खोल लागायचं. मग मला झोप लागायची. माझी श्रद्धा म्हणाल तर तेवढीच होती, एवढी." त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं.

मास्तर काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "बाई, जुनं धरून ठेवलं की त्रासच होतो. मी कितीतरी गाद्या उसवल्या, आत कुणी सापडलं नाही बघा."

"तुम्ही उसवता ना," बाई म्हणाल्या, "म्हणून सापडत नसेल."

मास्तरांनी खिळ्यावरचं दाभण काढलं आणि परत अडकवलं. बाईंनी आवाज चढवला असता, चार शब्द सुनावले असते, तर त्यांनीही तोंड सोडलं असतं. पण त्या पायरीवर बसल्या आणि काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाल्या, "परत करून द्या."

"खड्डा हाताने होत नाही, बाई. तो माणूस पाडतो. तीन-चार वर्षं लागतात."

"माझ्याकडे तेवढी आहेत की नाही कुणास ठाऊक. तुम्ही बघा काय ते."

मास्तरांनी पंधरा दिवस मागून घेतले. का मागितले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गादी परत दुकानात आली.

आधी त्यांनी अक्कल चालवली. डावीकडचे टाके काढले, थोडा कापूस उपसला, उरलेल्यावर पाणी शिंपडलं, वाळूच्या पिशव्या रचल्या. चार दिवसांनी पिशव्या उचलल्या तर पिशव्यांचा खड्डा झालेला. चौकोनी. त्यात माणूस झोपला होता असं आंधळ्यालाही वाटलं नसतं. मग त्यांनी डोळे मिटून आठवायला सुरुवात केली. गादी उसवण्याआधी हात फिरवला होता तेव्हा कुठे काय लागलं होतं? खांद्याशी खोल. कमरेशी त्याहून खोल. गुडघ्यांच्या जागी एक छोटी वाटी. माणूस उजव्या कुशीवर झोपायचा, बाईंकडे तोंड करून. डोकं विसरलं होतं, पण हात विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर त्या त्या जागचा कापूस उपसून, ओलावून, दुपारी दुकानाचं अर्धं दार ओढून त्या गादीवर झोपू लागले. बाईंनी सांगितलेली नवऱ्याची उंची जवळपास मास्तरांइतकीच होती, मास्तरांचं वजन थोडं कमी भरत होतं, म्हणून त्यांनी कमरेला वाळूची पिशवी बांधली. चहावाल्याने फटीतून पाहिलं आणि दोन दिवस त्याला दुसरा विषय नव्हता. "मास्तरांना स्वतःचाच माल आवडला बुवा," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

एका दुपारी बाई पाहणी करायला आल्या. मास्तर धडपडत उठायला लागले तर म्हणाल्या, "झोपा, झोपा. मला बघू दे." आणि मग सत्तर वर्षांच्या बाई काठीच्या टोकाने चौसष्ट वर्षांच्या माणसाला झोपायला शिकवू लागल्या. "गुडघा आणखी वर. अंहं, एवढा नाही. मान सैल सोडा, परीक्षेला बसल्यासारखी काय धरलीत? आता डावा हात पुढे. माझ्या बाजूला. पालथा नाही, उताणा." मास्तरांनी हात उताणा केला. "बस," बाई म्हणाल्या. "आता हलू नका."

मास्तरांना फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. श्वास घ्यावा की नाही, असा प्रश्न त्यांना पडला. कुणीतरी आपल्याकडे बघतंय आणि आपल्याला बघत नाहीये, हे त्यांना पाठीच्या कण्यापर्यंत जाणवलं. मग चपला वळल्या आणि पायरी उतरून गेल्या.

मास्तर तसेच पडून राहिले. त्या कुशीवरून मागच्या खोलीतलं यंत्र समोर दिसायचं. आजवर त्यांनी ते नेहमी उभ्याने पाहिलं होतं. जमिनीवरून पाहताना त्याचं लोखंडी तोंड उघडं दिसलं, आत दात्यांची फिरकी, तिला अडकलेले कापसाचे धागे. आणि एकतीस वर्षांपूर्वीची ती दुपार अंगावर आली.

मास्तरांना एक मुलगी होती. ती सात वर्षांची असताना तापाने गेली. बावीस दिवस ताप होता. गेल्यावर पाचव्या दिवशी मास्तरांनी तिची छोटी गादी काखेत मारली आणि दुकानात आणली. बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. घरात ती गादी रोज डोळ्यांपुढे राहिली तर बायकोचं काही खरं नाही, असं त्यांना वाटलं. दुकानात आणून त्यांनी सवयीने गादीवर हात फिरवला. मधे एक लहान खड्डा होता, पालथ्या झोपणाऱ्या पोरीचा. आणि काठाला दुसरा होता, उथळ, कोपराचा आणि कमरेचा. बावीस रात्री आई तिथे अंग आखडून पडली होती. तो दुसरा खड्डा हाताला लागला आणि मास्तरांनी हात काढून घेतला. त्यांनी सरळ टाके तोडले आणि कापूस मुठीमुठीने यंत्राच्या तोंडात घातला. मग तो मोठ्या ढिगात मिसळून टाकला. त्या आठवड्यात त्या ढिगातून पाच गाद्या भरल्या गेल्या.

बायको परत आली. गादी नाही हे तिने पाहिलं. काही म्हणाली नाही. त्या दिवसापासून मास्तर सगळ्यांना सांगू लागले की खड्डा ठेवू नये. इतकी वर्षं सांगितलं, इतक्या जणांना सांगितलं, की ते आपलं शहाणपण आहे असं त्यांनाही वाटायला लागलं होतं. खरं तर ती एका भेदरलेल्या माणसाने स्वतःची घातलेली समजूत होती. आता बाईंच्या नवऱ्याच्या जागी पडल्या पडल्या त्यांना हे इतकं स्वच्छ दिसलं की त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटले तरी दिसत राहिलं.

पुढचे सगळे दिवस ते झोपायचे आणि घामाघूम होऊन उठायचे. गाद्या शिवायला घेतल्या की हाताला भलतंच काही लागायचं. एका धर्मशाळेच्या कोऱ्या गादीत त्यांना लहान गुडघा लागला. त्यांनी ती पुन्हा उसवली, आत काही नव्हतं. घरी जेवताना बायकोकडे नीट बघवेना. ती खोळी शिवायची. दुकानाच्या सगळ्या खोळी तिच्याच हातच्या. जेवण झालं की तिचं शिवणयंत्र सुरू व्हायचं आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून पडायचे.

सोळाव्या दिवशी गादी बाईंच्या घरी पोचली. मास्तर स्वतः गेले. जाताना त्यांनी वाक्य घोकून ठेवलं होतं, "घ्या बाई, होता तसाच आहे." एवढं म्हणायचं आणि निघायचं. म्हातारीला झोप लागली तर कुणाचं काय बिघडलं?

बाईंनी पलंगावर गादी घालून घेतली, चादरही घातली नाही, तशाच आडव्या झाल्या आणि डोळे मिटून डावा हात बाजूला नेला. हात खाली गेला. बाईंची बोटं हळूहळू फिरली, खांद्यापाशी, कमरेपाशी, मग थांबली.

"हे ते नाहीत," त्या म्हणाल्या.

मास्तर गादीच्या कोपऱ्याचा टाका चाचपू लागले.

"मापं बरोबर आहेत. पण ते सैल झोपायचे. हा माणूस अंग चोरून झोपलाय. कोण आहे हा?"

घोकलेलं वाक्य ओठांवर होतं. थोडं ठासून म्हटलं असतं तर बाईंनी कदाचित मानलंही असतं; मानायची इच्छा त्यांना होतीच. मास्तर म्हणाले, "मी." आणि मग पलंगाच्या कडेला उभ्या उभ्या त्यांनी मुलीचं सगळं सांगितलं. एकतीस वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं ते एका गिऱ्हाईकाला सांगितलं. बाई उठून बसल्या होत्या. चुकत माकत उत्तर देणाऱ्या मुलाला बोलू देतात तसं त्यांनी मास्तरांना शेवटपर्यंत बोलू दिलं.

"घरी सांगितलंत हे?"

"तिला ठाऊक आहे. म्हणजे... गादी नाही, हे ठाऊक आहे."

"ते वेगळं."

"तुमच्या खड्ड्याचं काय करू, बाई? पुन्हा सपाट करून देऊ?"

"नको. पुन्हा हात लावू नका आता." बाईंनी डाव्या बाजूकडे पाहिलं. "आज मधे झोपून बघते. जमलं तर जमलं." त्यांचा आवाज साधाच होता, पण हात उशीची कड धरून होता.

मास्तर घरी आले तेव्हा ऊन कलंडलं होतं. बायको खिडकीपाशी खोळीची शिवण उलटवत बसली होती. ते चपला न काढताच समोर बसले.

"अगं, ती गादी," ते म्हणाले. इतकंच म्हणाले.

बायकोचे हात थांबले. कुठली, असं तिने विचारलं नाही.

"मी ती पिंजली. तू बहिणीकडे होतीस तेव्हा."

"मी दारात होते," बायको म्हणाली.

"कुठल्या दारात?"

"दुकानाच्या. बहिणीकडे मन लागेना म्हणून मधूनच परत आले. घरी गादी दिसली नाही, तशी धावत दुकानात आले. तुमची पाठ होती माझ्याकडे. अर्धी गादी शिल्लक होती अजून. तुम्ही थांबाल म्हणून उभी राहिले."

यंत्राचा आवाज मास्तरांना तिथे, घरात, स्पष्ट ऐकू येत होता.

"हाक का नाही मारलीस?"

"तुमचे खांदे हलत होते. म्हटलं, ह्यांना सहन होत नाहीये, ह्यांना करू दे. तुमच्यासाठी गप्प राहिले हो मी."

"मी तुझ्यासाठी पिंजत होतो," मास्तर म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. बायको रडली नाही. तिने मांडीवरची खोळ घडी करून बाजूला ठेवली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली. एकतीस वर्षं एका घरात दोघांनी एकमेकांना जपलं होतं आणि त्या जपण्यात पोरीचं नाव एकदाही घेतलं गेलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "कुणाच्या गादीत गेला तो कापूस?"

आठवत नाही, असं मास्तर म्हणू शकले असते. पण त्यांना पाचही घरं पाठ होती. त्या गाद्या दर काही वर्षांनी पिंजायला यायच्या आणि त्या आल्या की मास्तर कुणालाही हात लावू देत नसत.

"आहेत इथेच," ते म्हणाले. "सगळी जवळच."

"मला दाखवा."

"आत्ता?"

"मग कधी?" तिने पायात चपला सरकवल्या.

संध्याकाळची वेळ होती, रस्त्यात माणसं होती, सायकली होत्या, कुणी भाजी घेऊन घरी जात होतं. दोघं शेजारी शेजारी चालले. पहिलं घर शिंप्याचं, दाराला कुलूप. मास्तर नुसते बोट करायचे आणि बायको तिथे थोडी उभी राहायची. दुसऱ्या घरातली माणसं गाव सोडून गेली होती, गादीसकट. कुठे गेली ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. बायकोने त्या बंद दाराकडे सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं. तिसऱ्या घरी औषधाच्या दुकानातला म्हातारा ओट्यावर बसला होता. "काय मास्तर, आज जोडीने?" त्याने विचारलं. मास्तर हो म्हणाले आणि पुढे निघाले.

चौथं घर पोस्टमनचं. आत दिवा लागला होता, पडदा अर्धा सरकलेला होता. भिंतीला लागून एक लहान पलंग दिसत होता.

"इथे कोण झोपतं त्या गादीवर?" बायकोने विचारलं.

"नात. मागच्याच वर्षी मोठीची छोटी करून दिली मी, तिच्यासाठी."

"केवढी आहे?"

"सात-आठ वर्षांची असेल."

बायको खिडकीकडे बघत राहिली. आत कुणीतरी हसलं, भांडं पडलं, कुणीतरी रागावलं. तिने मास्तरांची बाही धरली. गेल्या कित्येक वर्षांत तिने ती अशी धरली नव्हती.

"नीट झोप लागते का हो तिला?"

मास्तरांना ते माहीत नव्हतं.

"लागत असेल," ते म्हणाले.